शुगरच्या गोळ्या बंद करून शेवाळाची कॅप्सूल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज चाळले तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल निघाले, समुद्रातल्या शेवाळाच्या अर्काच्या कॅप्सूल आणि डायबिटीस. आपल्या नागपूरला समुद्र नाही पण व्हॉट्सॲप आहे, आणि मेसेज घरोघरी पोचलाय असं दिसतं. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम याच विषयाला. कोणाचंही नाव छापलेलं नाही, फक्त वस्ती दिलीय.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. नऊ-दहा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी पण घेतात. दिरांनी ऑनलाइन शेवाळाच्या कॅप्सूल मागवून दिल्या आणि सांगून राहिले की तीन महिने घ्या, बाकी सगळ्या गोळ्या सुटतील. सासूबाईंना पटलंच आहे, म्हणतात नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार. मी बोलले तर घरात वाद होतो. द्यायच्या की नाही? (एक सून, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देते. सासूबाईंना या कॅप्सूल आत्ता देऊ नका, आणि चालू असलेली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. का ते आता सविस्तर सांगते, म्हणजे दिरांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी राहील.

आपण पोळी, भात, पोहे खातो त्यातला स्टार्च जसाच्या तसा रक्तात जात नाही. आधी लाळेतलं आणि स्वादुपिंडातून येणारं अमायलेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं, मग लहान आतड्याच्या अस्तरावरचं ग्लुकोसायडेज त्या तुकड्यांचं ग्लुकोज करतं आणि तेव्हा कुठे ते रक्तात शिरतं. तपकिरी रंगाच्या समुद्री शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाची द्रव्यं असतात, ती या दोन्ही एन्झाइमना काही प्रमाणात अडवतात, म्हणजे जेवणानंतरची शुगर एकदम उसळण्याऐवजी हळूहळू चढावी असा हिशोब. कॅप्सूल जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात ते यासाठीच. ही गोष्ट खोटी नाही, प्रयोगशाळेत काचेच्या नळीत ती स्वच्छ दिसते. पण ताई, सासूबाईंची सकाळची उपाशीपोटीची शुगर कुठून येते ते पाहा. ती मुख्यतः रात्रभर लिव्हर रक्तात ग्लुकोज सोडत राहतं त्यातून येते, आतड्यातलं जेवण तोवर पचून गेलेलं असतं, आणि तिथे या कॅप्सूलचा हातच पोचत नाही. मेटफॉर्मिन नेमकं तिथे काम करतं. म्हणजे एकाची जागा दुसरं घेऊच शकत नाही, कितीही महिने घेतलं तरी.

बरं, माणसांवर काय दिसलं? कॅनडात एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला, २३ जणांना ५०० मिलिग्रॅम अर्क देऊन अर्ध्या तासाने ब्रेड खायला दिला. शुगरमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही, इन्सुलिन मात्र साधारण १२ टक्के कमी लागलं. ऑस्ट्रेलियात २०१८ साली ५०० आणि २००० मिलिग्रॅम असे दोन्ही डोस देऊन पाहिले, निरोगी माणसांवर, ना शुगर उतरली ना इन्सुलिन. कोरियात २००८ साली खरोखरच्या डायबिटीसच्या पेशंटवर चार आठवड्यांचा छोटा अभ्यास झाला होता, त्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही शुगर कमी झाली, पण त्यांना दिवसाला ४८ ग्रॅम वाळलेलं शेवाळ दिलं होतं, अख्खं शेवाळ, फायबरसकट, आणि ते सुद्धा फक्त वीस लोक. तुमच्या डबीतली कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची असेल. या सगळ्यावरून मला तरी गोळ्या सुटण्याचा रस्ता कुठे दिसत नाही, आणि दिसत असता तर मीच सगळ्यात आधी सांगितलं असतं कारण रोज गोळ्यांना कंटाळलेली माणसं माझ्यासमोर बसलेली असतात.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. हेच एन्झाइम अडवायचं काम करणारी औषधं आपल्याकडे किती तरी वर्षांपासून आहेत, अकार्बोज आणि व्होग्लिबोज. सासूबाईंच्या गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी खूप कॉमन आहे. तसं असेल तर शेवाळाने जे होईल असं सांगतात ते काम आधीच चालू आहे, मोजलेल्या डोसमध्ये, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. वरून कॅप्सूल घातली तर पोटात गॅस, गुडगुड, जुलाब एवढंच पदरात पडेल, कारण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन तिथे आंबतो.

ग्लिमेपिराइडचं वेगळंच आहे. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण असो वा नसो. अशा वेळी जेवणातली शुगर उशिरा आली किंवा सासूबाईंनी जेवण कमी केलं तर शुगर खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यासमोर अंधारी. आणि व्होग्लिबोज चालू असेल तर तेव्हा साखर किंवा पेढा देऊन लवकर फायदा होत नाही बरं का, कारण साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं, तिथे मेडिकलमधून मिळते ती ग्लुकोज पावडरच पाण्यात घालून द्यायची. एक डबा घरात ठेवा.

आणि सगळ्यात मोठी अडचण थायरॉइडची, कारण ती ग्रंथी आयोडीनवर चालते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आपल्या पाकिटातल्या मिठात घरी येईपर्यंत निदान १५ पीपीएम (म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम) आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे रोज पाच ग्रॅम मीठ पोटात गेलं तर ७५ मायक्रोग्रॅम तिथूनच मिळतं, वर दूध वगैरे आहेच. शेवाळात आयोडीन किती असावं याला काही धरबंधच नाही, एका ग्रॅम वाळलेल्या शेवाळात १६ मायक्रोग्रॅमपासून आठ हजारांच्या वरपर्यंत मोजलं गेलंय, जात कोणती, कुठल्या समुद्रातली, कशी प्रक्रिया केलेली, त्यावर सगळं. थायरॉइड आधीच बिघडलेली असताना असा बेभरवशाचा आयोडीन आत गेला तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, इकडचा तिकडे होतो, कोणाचं कमी, कोणाचं जास्त, आणि मग थायरॉइडच्या गोळीचा डोस पुन्हा बसवत बसावा लागतो. डबीवर आयोडीनचा आकडा छापलाय का पाहा. नसेल तर दिरांना तेवढंच विचारा, भाऊजी, यात आयोडीन किती ते कंपनीकडून लिहून आणा. वाद घालायची गरज पडणार नाही. आणि सासूबाईंना पुढच्या तपासणीला नेताना डबी सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा. सुनेपेक्षा डॉक्टरांचं ऐकतात घरातली मोठी माणसं, हे मी रोज पाहते, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : माझं वय ४४, इतवारीत दुकान आहे. उपाशीपोटी शुगर १०८ आली, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.०. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, गोळी नको, खाणंपिणं सांभाळा. दिवसभर बसून काम, सकाळी दुकान उघडायच्या आधी तर्री-पोहे ठरलेले, ते सुटत नाहीत. शेवाळाचा अर्क घेऊन पोहे चालू ठेवले तर चालेल का? (इतवारी)

उत्तर : भाऊ, तुम्ही खरं काय ते लिहिलंत हे फार बरं केलं, कारण पोहे सोडा म्हणणं सोपं आहे आणि कोणी सोडत नाही. तुम्ही एकटे नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा सर्व्हे छापून आला त्यात देशात १० कोटींवर लोकांना डायबिटीस आणि त्याहून जास्त, १३ कोटींच्या वर, लोक तुमच्यासारखे बॉर्डरवर निघाले. बॉर्डरवरून मागे फिरता येतं, म्हणून तुमचं उत्तर जरा लांबवते.

पोहे सोडू नका, प्लेट बदला. आपल्या तर्रीत हरभरे असतात, खरं तर तीच त्या प्लेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट, पण ठेल्यावर पोह्यांचा डोंगर आणि हरभरे वाटीभर रश्श्यात सात-आठ. उलटं मागा, हरभरे जास्त, पोहे निम्मे, तेलाचा तवंग बाजूला करून, वरून कांदा-सांभार (कोथिंबीर) भरपूर, आणि शेव नको. आधी चमचाभर-चमचाभर हरभरे आणि कांदा खा, पोहे शेवटी. भाजी, डाळ, कडधान्य आधी आणि भात-पोहे-पोळी नंतर खाल्लं तर तेवढंच जेवण असूनही शुगर कमी चढते, हे माणसांवर मोजून पाहिलेलं आहे. खाऊन झालं की लगेच गल्ल्यावर बसू नका, पंधरा मिनिटं चाला, इतवारीत सकाळी गर्दी व्हायच्या आधी चालायला जागा असते. पायाचे स्नायू काम करायला लागले की रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही.

कॅप्सूल घ्यायचीच असेल, तुम्हाला थायरॉइड, किडनी काही नसेल, तर मी नाही म्हणून तुमचा हात धरणार नाही, पण स्वतः मोजून पाहा आणि मग पैसे खर्च करा. दोन वेगवेगळ्या दिवशी तीच प्लेट, तेवढेच पोहे, तीच वेळ. एक दिवस कॅप्सूल घेऊन, एक दिवस न घेता. खायच्या आधी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर शुगर पाहा आणि कागदावर लिहा. शक्य असेल तर ही जोडी अजून एकदा-दोनदा करा, एका दिवसावर विश्वास ठेवू नका, रात्री झोप नीट झाली नाही तरी सकाळी आकडा वेगळा येतो. आणि मशीन १५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे दाखवू शकतं, तेवढी सूट चांगल्या मशीनलाही दिलेली आहे, त्यामुळे १६० आणि १५० यात फरक पडला असं समजू नका. टोचायच्या आधी हात साबणाने धुवून कोरडे करा, नुसतं सॅनिटायझर नाही. संत्र्याच्या सीझनमध्ये तर मी हे सगळ्यांना बजावते, संत्रं सोलून त्याच बोटातून थेंब काढला तर सालीचा-फोडीचा रस बोटाला लागलेला असतो आणि आकडा भलताच वर येतो, माणूस घाबरून जातो, आणि शुगर मुळात तेवढी नसतेच.

हे करून पाहा आणि त्यासोबत तिसरा प्रकार पण मोजा, कॅप्सूल नाही, पण हरभरे आधी आणि पंधरा मिनिटं चालणं. माझा अंदाज आहे की तुमच्या कागदावर तोच दिवस सगळ्यात चांगला दिसेल. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, त्यामुळे तो तीन महिन्यांनी करा, आधी करून उपयोग नाही.

प्रश्न : जपानी लोक रोज शेवाळ खातात म्हणून त्यांना शुगर होत नाही हे खरं का? मी धरमपेठच्या कॅफेत सुशी खाते आणि नोरीची पाकिटं पण मागवते. शिवाय स्पिरुलिनाच्या गोळ्या चालू आहेत, ते पण शेवाळच ना? (लॉ कॉलेज चौकाजवळच्या होस्टेलमधून)

उत्तर : जपानमध्येही डायबिटीस आहे बाळा, भरपूर आहे. नोरी खायला हरकत नाही, चव आवडते तर खा, पाकिटावर मीठ किती ते पाहून. पण नोरी लाल शेवाळाच्या जातीतली, आणि वर ज्या फ्लोरोटॅनिनबद्दल लिहिलं ती फक्त तपकिरी शेवाळात असतात. सुशीच्या भातात तर व्हिनेगरसोबत साखर घालतात, म्हणजे शुगरसाठी म्हणून सुशी खाणं हा उलटाच प्रकार झाला. स्पिरुलिना समुद्रातलं नाहीच, ते गोड्या किंवा खाऱ्या तळ्यातल्या पाण्यात, टाक्यांत वाढवतात, आणि जीवशास्त्राच्या हिशोबाने ते बॅक्टेरियांच्या कुळातलं आहे. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

जपानी पोटाची एक गोष्ट मात्र मला फार आवडते, सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१० साली शास्त्रज्ञांना दिसलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या काही बॅक्टेरियांकडे नोरीतली साखळी-साखर फोडणारं एन्झाइम आहे, आणि त्याचा जीन समुद्रात शेवाळावर राहणाऱ्या बॅक्टेरियांकडून आलेला आहे, बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या कच्चं शेवाळ खाल्ल्यामुळे. त्याच अभ्यासात अमेरिकन लोकांच्या आतड्यात ते सापडलं नाही. म्हणजे तेच शेवाळ त्यांच्या पोटात आणि तुझ्या-माझ्या पोटात सारखंच वागेल असं धरून चालता येत नाही. तिकडच्या अभ्यासांचे आकडे इकडे चिकटवताना हे डोक्यात ठेवायला हवं.

प्रश्न : काकू, चायना ग्रास पण समुद्री शेवाळापासून बनतं म्हणतात. मग उन्हाळ्यात त्याची जेली खाल्ली तर शुगर उतरेल का? (मानेवाडा)

उत्तर : हो, चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, लाल शेवाळापासूनच काढतात. ते जवळपास सगळं फायबर, पचत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं. शुगर उतरत नाही. आणि आपण ते करतो कसं, अर्धा लिटर दुधात पाच-सहा चमचे साखर, वर रोझ सिरप. साखर न घालता ताज्या ताकात किंवा दुधात, वरून चार बदाम, असं केलं तर वाटीभर खायला हरकत नाही. संत्र्याच्या रसात घट्ट करू नका, दोन-तीन संत्र्यांची साखर एका वाटीत येते आणि चोथा टाकून दिलेला असतो, त्यापेक्षा संत्रं एक सोलून खा. जाता जाता, आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४०७ किंवा ४०१ लिहिलेलं असतं पाहा, ते पण शेवाळातूनच काढलेले पदार्थ, कॅराजिनन आणि सोडियम अल्जिनेट, घट्टपणासाठी. त्याने आइस्क्रीम शुगरवाल्यांसाठी चांगलं होत नाही.

प्रश्न : तुम्ही सगळं परदेशी सांगता. आपल्या सरकारी संस्थेनेच शेवाळापासून डायबिटीसची कॅप्सूल काढली आहे, मग ती तरी खरी मानायची की नाही? (सेवानिवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : काकाजी, माहिती बरोबर आहे तुमची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने कडलमीन या नावाने समुद्री शेवाळाच्या अर्काच्या कॅप्सूल काढल्या, त्यात टाइप टू डायबिटीससाठीची पण एक आहे. आपल्या देशात हे काम होतंय याचा मला मनापासून आनंद आहे, तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर, मंडपमकडे, किती तरी बायका बांबूच्या तराफ्यांवर शेवाळाची शेती करून घर चालवतात, त्यांच्या मालाला भाव मिळायला हवाच. पण ती कॅप्सूल सुद्धा न्यूट्रास्युटिकल म्हणून, म्हणजे आहाराला पूरक म्हणून आहे, औषधाची जागा घेणारी म्हणून नाही.

कोणत्याही डबीवर तीन गोष्टी पाहायच्या. शेवाळाची जात लिहिलीय का, नुसतं सी-वीड किंवा केल्प लिहिलेलं मला चालत नाही, एस्कोफायलम नोडोसम, फ्युकस व्हेसिक्युलोसस असं पूर्ण नाव हवं, अर्कावरचे बहुतेक अभ्यास या दोन जातींवर झालेत आणि त्या उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर वाढतात. दुसरं आयोडीन आणि आर्सेनिकसारख्या जड धातूंची तपासणी, कारण शेवाळ पाण्यातलं जे असेल ते शोषून घेतं, हिजिकी नावाच्या जातीत तर आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने ती खाऊच नका असं सांगितलेलं आहे. आणि तिसरं, न्यूट्रास्युटिकलच्या डबीवर एफएसएसएआयच्या (आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावंच लागतं. ते वाक्य डबीवर आणि ‘डायबिटीस मुळापासून बरा’ हे जाहिरातीत, असं एकाच मालाबद्दल दिसलं तर तो माल घेऊ नका. डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे तुमच्या ग्रुपवर नक्की टाका काकाजी, शिक्षकांचं लोक वाचतात.

प्रश्न : वडिलांची बायपास झालीये, रक्त पातळ ठेवायची वॉरफरीन चालू आहे, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन पण वाढलेलं असतं. चालेल का? (जरीपटका)

उत्तर : नाही. शेवाळात व्हिटॅमिन के असू शकतं, ते वॉरफरीनच्या विरुद्ध जातं, आणि तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन उलट रक्त पातळ करण्याच्या बाजूचं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, कुठे जाईल सांगता येणार नाही. किडनीसाठी पोटॅशियमची भीती वेगळी. कॅप्सूल घेऊन झाल्या असतील तर लपवू नका, या आठवड्यातच आयएनआर करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सहावा महिना चालू आहे, ग्लुकोज पाजून केलेल्या टेस्टमध्ये १५२ आली. इन्सुलिनची भीती वाटते. आई म्हणते शेवाळाचं नैसर्गिक आहे, ते घेऊन पाहू. (वाडी)

उत्तर : घेऊ नका, एकही दिवस नाही. गरोदरपणात आयोडीन जास्त लागतं, २५० मायक्रोग्रॅम, पण ५०० च्या वर गेलेलं जागतिक आरोग्य संघटना जास्तच मानते, आणि पोटातल्या बाळाची थायरॉइड नाजूक असते. तुमच्या टेस्टमध्ये दोन तासांनी १४० च्या वर आलं की शुगर धरतात, १५२ म्हणजे थोडंच वर आहे. आपल्या सरकारी पद्धतीत आधी दोन आठवडे आहार आणि चालणं सांगतात, मग जेवणानंतर दोन तासांनी शुगर १२० च्या खाली आली तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं, नाही आली तरच औषध. तेव्हा या दोन आठवड्यांत भात एकावेळी एक लहान वाटी, सोबत घट्ट वरण किंवा मोटाची (मटकीची) उसळ, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा, मेथी-पालक काही पण हिरवं, तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं, फुटाणे, दही, उकडलेलं अंडं चालत असेल तर. उपास अजिबात नको, संकष्टीचाही नको. डॉक्टरांनी चालायला मना केलं नसेल तर प्रत्येक जेवणानंतर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं. आणि त्यातूनही इन्सुलिन लागलंच तर घ्या, ते बाळापर्यंत जात नाही, पण तुमची वाढलेली शुगर मात्र जाते. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तीच टेस्ट करायची असते, ती बहुतेक जणी विसरतात, आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.